क्वालिटीत नवे आहात? कोणतं टूल कधी काढायचं ते आधी ठरवा

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सिनिअरने एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. त्यात चाळीसेक एक्सेल फाइल्स. फिशबोन, एफएमईए, कंट्रोल चार्ट, गेज आर अँड आर, सीपीके, एट-डी, काय मागाल ते. "हे सगळं भरायचं असतं," एवढंच ट्रेनिंग. कुठली फाइल कधी आणि कशासाठी, हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता.

दीड वर्ष मी नुसता भरत राहिलो. कंप्लेंट आली की फिशबोन, ऑडिट आलं की कंट्रोल चार्ट, नवा पार्ट आला की जुन्याच एफएमईएत पार्ट नंबर बदलून नवी प्रिंट. फाइल्स फुगत गेल्या, रिजेक्शन होतं तिथेच राहिलं. पुढे काही ठेचा खाल्ल्यावर कळलं की टूल प्रश्नावरून निवडायचं असतं, फॉर्मवरून नाही. चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, जिथे कुठे तुम्ही नुकते डिप्लोमा किंवा डिग्री करून क्वालिटीला लागला असाल, तिथे ही क्रमवारी उपयोगी पडेल. उदाहरणं मशीनिंगची आहेत, कारण मला तेच येतं.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- ड्रॉइंगची चालू रिव्हिजन, स्पेशल कॅरेक्टरिस्टिकवर (विशेष महत्त्वाच्या मापांवर) खुणा केलेली. टेबलावर पडलेली जुनी झेरॉक्स नको.
- कंट्रोल प्लॅन आणि प्रोसेस फ्लो.
- वापरातल्या गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट.
- कस्टमरच्या स्वतःच्या अटी. पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) कुठल्या लेव्हलचं, सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती मावते त्याचा आकडा) किती हवा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.
- गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर, शिफ्ट आणि मशीनच्या नोंदीसह.
- कंप्लेंट असेल तर परत आलेला नग. फोटोवर भागवू नका, नग हातात घ्या.

१. प्रश्न एका ओळीत लिहा

सोपं वाटतं, पण इथेच निम्मे लोक घसरतात. "रिजेक्शन वाढलंय" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार झाली. प्रश्न पाचांपैकी एका जातीचा असतो, आणि जात कळली की टूल जवळजवळ आपोआप ठरतं.

- मी मोजतोय ते खरं आहे का? इथे एमएसए, म्हणजे गेजची परीक्षा.
- प्रोसेस स्थिर आहे का, आणि टॉलरन्समध्ये मावते का? आधी कंट्रोल चार्ट (वेळेनुसार मापांचा आलेख, लिमिटच्या रेघांसह), मग सीपीके.
- हे का घडलं? चेकशीट, पॅरेटो (मोठ्या दोषापासून लहानापर्यंत लावलेला आलेख), स्ट्रॅटिफिकेशन (डेटा गटागटांत वेगळा करणं), फाइव्ह-व्हाय (पुन्हा पुन्हा 'का' विचारणं).
- पुढे काय बिघडू शकतं? एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाडांचा आधीच मांडलेला तक्ता.
- किती दिवस टिकेल? लाइफ टेस्ट आणि वायबुल (नगांच्या आयुष्याचा हिशेब मांडण्याची पद्धत).

पहिले चार क्वालिटीचे, शेवटचा रिलायबिलिटीचा. फरक काळाचा आहे. गेटमधून बाहेर पडताना नग ड्रॉइंगप्रमाणे आहे का, ही क्वालिटी. दोन वर्षं खड्ड्यांतून फिरल्यावरही तो काम करतो का, ही रिलायबिलिटी. सीपीके १.६७ असलेला नग सहा महिन्यांत तुटू शकतो. मापं सगळी बरोबर असतात, डिझाइन किंवा मटेरिअल कमी पडतं. तेव्हा फील्डमधल्या फेल्युअरला उत्तर म्हणून सीपीकेचा कागद जोडू नका. मी एकदा जोडला होता. समोरच्याने तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "हे कशाचं उत्तर आहे?"

२. डेटा मोजलेला आहे की मोजणीचा, ते पाहा

व्यास २५.००८ मिलिमीटर, हा मोजलेला डेटा. शंभरात तीन नग खराब, हा मोजणीचा. दोन्हींचे चार्ट वेगळे. मोजलेल्याला एक्स-बार आर, खराब नगांना पी किंवा एनपी, एका नगावरच्या दोषांना सी किंवा यू.

नव्या माणसाला वाटतं, गो-नो गो प्लग गेजने (जो फक्त बसतो की नाही एवढंच सांगतो) झटपट काम होतं, मग मोजत कशाला बसायचं? रिजेक्शन अर्धा टक्का असेल, तर एका सँपलमध्ये सरासरी पाच खराब नग सापडायला हजार नग तपासावे लागतील. शंभरच घेतले तर पी चार्टवर बहुतेक वेळा शून्यच दिसणार. तेच बोअर डायल गेजने पाच-पाच नग मोजलेत तर सरकणारी प्रोसेस खराब नग बनवण्याआधीच दिसते. मोजता येत असेल तिथे मोजा.

३. गेजवर आधी संशय घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे ॲल्युमिनिअमचं एक हाउसिंग होतं. बोअर २५ एच-७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. टॉलरन्स एकवीस मायक्रॉन. रात्रपाळीत बोअर ओव्हरसाइज यायचं, दिवसपाळीत अंडरसाइज. मी कंट्रोल चार्ट लावला, इन्सर्ट बदलले, कूलंटचं प्रमाण तपासलं, आणि तीन आठवड्यांनी हात टेकून रिपोर्टात ते अजरामर वाक्य लिहिलं: "ऑपरेटरला समज देण्यात आली."

मग एका रात्री थांबलो. मशीनवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी चार्ट उघडून काही समजावू लागलो, तर ते म्हणाले, "साहेब, आधी जॉब हातात धरून बघा की." धरला. चांगला कोमट होता.

दिवसा नग ट्रेमध्ये साठायचे आणि अर्ध्या तासाने मोजले जायचे, तोवर थंड व्हायचे. रात्री एकच माणूस दोन मशीन बघायचा, त्यामुळे नग निघाला की लगेच मोजायचा. सेटिंग रिंग, जिच्यावर गेज सेट करतात ती, मात्र ग्रॅनाइटवर गार पडलेली. नग रिंगपेक्षा बारा अंशांनी गरम धरा. ॲल्युमिनिअम एका अंशाला दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. २५ मिलिमीटरच्या बोअरला हिशेब करा: जवळपास सात मायक्रॉन. टॉलरन्सचा तिसरा हिस्सा नुसत्या उबेत गेला. मामा बोअर मोठं दिसलं की ऑफसेट (मशीनवरची टूलच्या जागेची दुरुस्ती) कमी करून 'बरोबर' आणायचे, आणि तेच नग सकाळी थंड होऊन अंडरसाइज निघायचे. समज द्यायचीच होती तर ती मला द्यायला हवी होती.

आता खरी मेख. या गेजचा आर अँड आर (तोच नग पुन्हा किंवा दुसऱ्याने मोजला तर माप किती बदलतं, ती चाचणी) फाइलमध्ये होता आणि तो पासही होता, दहा टक्क्यांच्या आत. कारण तो स्टँडर्ड रूममध्ये, एसीत, थंड नगांवर केला होता. म्हणून:

- आर अँड आर जिथे रोज मोजतात तिथेच, रोज मोजतात त्याच माणसांकडून करा. नेहमीची पद्धत दहा नग, तीन माणसं, प्रत्येकी दोन-तीन वेळा. कुठला नग आहे ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका.
- ओळीने निघालेले दहा नग उचलू नका. ते सारखेच असतात, मग गेज उगाच वाईट दिसतो. वेगवेगळ्या शिफ्टचे, प्रोसेसची सगळी रेंज दाखवणारे नग घ्या.
- दहा टक्क्यांच्या आत चांगला. दहा ते तीस, पार्ट किती महत्त्वाचा आणि गेज किती महाग हे बघून ठरवा. तीसच्या वर असेल तर त्या गेजचा चार्ट काढूच नका. एनडीसी (गेज नगांचे किती वेगळे गट ओळखू शकतो तो आकडा) पाचाच्या खाली नको.
- लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका तरी बारीक हवा. एकवीस मायक्रॉनला ०.०१ चा डायल म्हणजे सोनं भाजीच्या काट्यावर तोलणं. ०.००१ चा घ्या.
- डोळ्यांनी तपासायचं असेल, ओरखडे वगैरे, तर आर अँड आर चालत नाही. तिथे ॲट्रिब्यूट ॲग्रीमेंट (तपासणाऱ्यांचे निर्णय जुळतात का ते पाहणं) करा आणि त्यातला कप्पा (kappa, जुळणीचा आकडा) पाहा.

कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे म्हणून ही पायरी सोडू नका. सर्टिफिकेट गेजबद्दल सांगतं. मोजणारा हात, गरम नग, फिक्स्चरमध्ये अडकलेली चिप (धातूचा कीस), यांच्याबद्दल त्यात एक ओळही नसते.

४. आधी स्थिर, मग सीपीके

कंट्रोल चार्ट वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडला, आणि शंभर वर्षांनीही आपल्याकडे तो उलटा वापरला जातो: आधी सीपीके काढायचा, मग तो जुळेल असा चार्ट रंगवायचा. अस्थिर प्रोसेसच्या सीपीकेला काही अर्थ नसतो. आज १.५, उद्या ०.९.

दर तासाला ओळीने पाच नग मोजा. पंचवीस गट झाले की लिमिट काढा. सरासरीच्या चार्टला एकूण सरासरीच्या वर-खाली ०.५७७ गुणिले आर-बार (गटांच्या रेंजची सरासरी), आणि रेंजची वरची लिमिट २.११४ गुणिले आर-बार. हे आकडे पाचाच्या गटासाठीच आहेत, गट बदलला की तेही बदलतात. कॅल्क्युलेटर पुरतो.

नव्याने शिकणारे इथे तीन ठिकाणी हमखास अडकतात.

एक, चार्टवर ड्रॉइंगच्या लिमिट मारणं. ड्रॉइंगची लिमिट एकेका नगासाठी असते, चार्टवर बिंदू सरासरीचे असतात. दोन्ही एकत्र काढलेत की सगळं हिरवंगार दिसतं आणि चार्ट आंधळा होतो.

दोन, एक्सेलमधलं साधं स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र सगळ्या डेटावर लावून त्याला सीपीके म्हणणं. तो पीपीके असतो. सीपीकेसाठी गटाच्या आतला फरक लागतो: आर-बार भागिले २.३२६, पुन्हा पाचाच्या गटासाठी. या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली तर प्रोसेस गटागणिक सरकतेय असं समजा. ती तफावतच वाचायची असते.

तीन, सीपी आणि सीपीके यांत गल्लत. आपलंच बोअर घ्या. सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन) २.५ मायक्रॉन असेल तर सीपी म्हणजे टॉलरन्स भागिले सहा सिग्मा, २१ भागिले १५, म्हणजे १.४. छान. पण सरासरी २५.०१३ वर बसली असेल तर वरच्या बाजूला उरले आठच मायक्रॉन, त्याला तीन सिग्माने, म्हणजे साडेसातने भागलं की सीपीके १.०७ वर आला. कस्टमरला १.३३ हवाय. इथे नवं मशीन मागायची गरज नाही, ऑफसेट अडीच मायक्रॉनने खाली आणा. मशीन तेव्हाच मागा, जेव्हा सीपीच कमी असेल.

बोअरिंगमध्ये कटिंग टूल झिजतं, त्यामुळे बिंदू एका दिशेने सरकणारच. प्रत्येक वेळी अलार्म धरून मशीन थांबवलंत तर प्रॉडक्शनवाले तुम्हाला शॉपवर उभं करणार नाहीत. लहान लॉट आणि झिजणारं टूल असेल तिथे मी प्री-कंट्रोल वापरतो: टॉलरन्सचा मधला अर्धा भाग हिरवा, कडेचे दोन पिवळे, बाहेर लाल. पुस्तकी पंडितांना तो आवडत नाही. रात्रीच्या ऑपरेटरला तो कळतो.

५. 'का' शोधताना आधी डेटा निवडा

फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, काढायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यात चूक दिसत नाही. सहा काटे, प्रत्येकावर चार-चार कारणं, फोटो काढला, झालं. पण फिशबोनने फक्त संशयितांची यादी मिळते, गुन्हेगार त्यातून सापडत नाही.

सात मूलभूत टूल्सपैकी मला सगळ्यात कामाचं वाटतं ते स्ट्रॅटिफिकेशन, आणि त्याला साधा फॉर्मही नसतो. तांदूळ निवडतो तसा डेटा निवडायचा: शिफ्टनुसार, मशीननुसार, स्पिंडलनुसार, कास्टिंग असेल तर कॅव्हिटी नंबरनुसार. वरच्या किश्श्यात मी पहिल्याच दिवशी दिवस-रात्र वेगळं करून मोजण्याची वेळही लिहिली असती, तर तीन आठवडे वाचले असते.

पॅरेटो काढताना नग मोजायचे की रुपये, हे आधी ठरवा. दोनशे ओरखडे रिवर्कने सुटतात, पाच क्रॅक आलेली हाउसिंग थेट भंगारात जातात.

फाइव्ह-व्हाय 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' इथे थांबला, तर तुमचा शेवटचा 'का' अजून बाकी आहे. दुर्लक्ष शक्य का झालं? नग उलटा बसू शकतो म्हणून. मग फिक्स्चरमध्ये एक पिन टाका. एट-डीत (कंप्लेंटच्या उत्तराचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) 'ट्रेनिंग दिलं' एवढीच कारवाई लिहिलीत, तर तीच कंप्लेंट पुन्हा येण्याची तयारी ठेवा.

डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स (डीओई), म्हणजे अनेक घटक ठरवून बदलत घेतलेल्या ट्रायल, हे हत्यार दमदार आहे, पण घाईने काढू नका. गेज खरा नसेल आणि प्रोसेस स्थिर नसेल तर सोळा ट्रायल घेऊन सोळा अफवा मिळतील.

६. एफएमईए खोलीत बसून भरू नका

तीन आकडे असतात: परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, पकडण्याची व्यवस्था किती कमकुवत. जुन्या पद्धतीत ते गुणून आरपीएन काढायचे. आता दोन ओळी बघा. १० × ४ × २ म्हणजे ८०. ४ × ६ × ५ म्हणजे १२०. गुणाकाराने दुसरी वर जाते, पण पहिलीत ब्रेक जाऊ शकतो आणि दुसरीत कदाचित नुसती खडखड. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) पुस्तिकेने म्हणूनच आरपीएन बाजूला ठेवून ॲक्शन प्रायॉरिटीचा तक्ता आणला, ज्यात गंभीरतेला आधी मान. तुमचा कस्टमर अजून आरपीएन मागत असेल तर द्या, पण काम गंभीरतेच्या क्रमाने करा.

मीटिंगला प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि एक जुना ऑपरेटर हवाच. मामांसारखी माणसं नसलेली एफएमईए वाचून लगेच ओळखू येते: तिच्यात चिप, उष्णता, पावसाळ्यातला गंज यांचा उल्लेखच नसतो.

७. आयुष्याचा प्रश्न: न फुटलेले नगही मोजा

इथे क्वालिटीचा माणूस हमखास फसतो, कारण सवय सरासरीची असते. समजा दहा नग रिगवर लावले आणि एक लाख सायकलला टेस्ट थांबवली. तीन फुटले: ४० हजार, ६५ हजार आणि ९० हजारला. सात शाबूत. आयुष्य किती?

पहिलं उत्तर: तिघांची सरासरी, ६५ हजार. चूक. सात नग लाखाच्या पुढे जगलेत, ते तुम्ही मोजलेच नाहीत.

दुसरं उत्तर: सगळ्यांच्या सायकल मिळवा, ८ लाख ९५ हजार, भागिले तीन. जवळपास ३ लाख. हा एमटीबीएफसारखा (दोन बिघाडांमधल्या सरासरी आयुष्यासारखा) आकडा. तो बरोबर तेव्हाच, जेव्हा नग झिजत नाहीत आणि अपघातानेच फुटतात. शिवाय त्या गृहीतातही एमटीबीएफ म्हणजे 'तोवर चालेल' असं नाही. तेवढ्या आयुष्यापर्यंत जेमतेम ३७ टक्के नग उरतात. विक्रीवाल्यांना हे एकदा नीट बसून सांगा.

तिसरं, वायबुल. फेल्युअर चढत्या क्रमाने लावा, प्रत्येकाला मिडिअन रँक द्या: क्रमांकातून ०.३ वजा, भागिले एकूण नग अधिक ०.४. दहा नगांत तिघांना ६.७, १६.३ आणि २६ टक्के मिळतात. वायबुल कागदावर बिंदू मांडून रेघ ओढली की बीटा (रेघेचा उतार) साधारण १.८ येतो आणि ६३.२ टक्के नग फुटण्याचं आयुष्य १ लाख ७० हजारांच्या आसपास. पण त्याच रेघेवरून दहा टक्के नग ५० हजारांतच फुटतील. वॉरंटी ठरवायला हाच आकडा लागतो, आणि तो वरच्या दोन्ही उत्तरांत कुठेच नव्हता.

बीटा काय सांगतो? एकापेक्षा कमी असेल तर नग लहानपणीच दगावतायत, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये शोधा. एकच्या आसपास असेल तर अपघाती. एकापेक्षा जास्त असेल तर झीज किंवा फटीग, डिझाइन आणि मटेरिअलकडे बघा. पण तीन फेल्युअरवर बीटाचा दुसरा दशांश कुणाला ऐकवू नका, अनिश्चिततेचा पट्टा फार रुंद असतो. आणि दोन वेगळ्या कारणांनी फुटलेले नग एकाच रेघेवर कधीही घालू नका. सील गळलेला वेगळा, शाफ्ट तुटलेला वेगळा. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, नग हातात घ्या.

नगच फुटत नसतील तर? ९० टक्के विश्वासाने ९० टक्के रिलायबिलिटी दाखवायला, ठरलेल्या आयुष्यापर्यंत २२ नग एकही फेल न होता चालले पाहिजेत. दोन्हीकडे ९५ हवे असतील तर ५९. कोटेशन देण्याआधी हा हिशेब मालकांना दाखवा, कारण रिग, वीज आणि नग हा सगळा खर्च तुमच्याच गळ्यात येतो.

८. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

पहिले सहा महिने एक्सेल किंवा लिबरऑफिस पुरे, पण सूत्रं स्वतः टाका. कुणाची तयार शीट घेतलीत तर एकदा हाताने पडताळा. मला मिळालेल्या एका शीटमध्ये गट चारचा होता आणि गुणक पाचाचा, आणि ती वर्षानुवर्षं ऑडिट पास होत होती. आर अँड आर, डीओई वारंवार लागू लागलं की मिनीटॅब सोयीचं, पण लायसन्सचा खर्च आहे. पैसे नसतील तर आर ही भाषा फुकट आहे: चार्टसाठी क्यूसीसी, वायबुलसाठी वायबुलआर ही पॅकेजेस. शिकायला महिना-दोन महिने जातात. वायबुलचं महागडं सॉफ्टवेअर फील्ड डेटा नियमित हाती येत असेल तरच घ्या.

आणि कस्टमरने एखादा ठरावीक फॉर्म मागितला, तर वाद न घालता भरून द्या. फक्त त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा की तो कुठल्या प्रश्नासाठी भरलाय. माझ्या त्या चाळीस फाइल्सपैकी एकतीसवर मला काहीच लिहिता आलं नव्हतं.